स्लीव्ह सर्जरीनंतरचा डबा: डोंबिवलीतल्या एका घरगुती सर्विसचा रिव्ह्यू

डबा महाग आहे, रविवारी बंद असतो, श्रावणात नॉनव्हेज मिळत नाही आणि पावसात कधीकधी उशिरा येतो, हे आधीच सांगून टाकते. तरी माझ्याकडून पाचपैकी पाच. नाव, नंबर टाकत नाहीये कारण त्या ताई एकट्या करतात, हाताखाली एकच मुलगी आहे, आणि आहेत तेवढे डबे पुरे असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. पण त्यांची पद्धत इतकी चांगली आहे की तुमच्या एरियातल्या कुठल्याही डबेवाल्या काकूंना नीट समजावून सांगितली तर त्याही करू शकतील, सामान सगळं आपल्या घरातलंच लागतं, म्हणून सविस्तर लिहितेय. लांब झालंय, पण ज्यांना गरज आहे ते वाचतीलच.

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झालीय, म्हणजे वजन कमी करायची पोटाची सर्जरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ह्यात पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी एक नळी उरते, तिच्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिली मावतं. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागातच बनतं, त्यामुळे पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही, घड्याळ बघून खायला लागतं. गॅस्ट्रिक बायपासवाल्यांची (हृदयाचा बायपास नाही, ही पण वजनासाठीच केलेली पोटाची सर्जरी) गोष्ट अजून वेगळी, त्यांच्या पोटाची पिशवी साधारण ३० मिलीची करतात आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जोडतात. म्हणजे दोघांनाही खायचं थोडं, पण शरीराला लागणारं प्रोटीन काही थोडं होत नाही, दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम हवंच असतं, माझ्या डाएटिशियनने ६० ते ८० सांगितलंय. ते नाही गेलं तर चरबीसोबत स्नायूही जातात, अशक्तपणा येतो, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात ते तर बहुतेक जणींना माहितीच आहे (ते काही प्रमाणात पटकन वजन उतरल्यामुळे बऱ्याच जणांचे गळतात आणि परत येतात, पण प्रोटीन, लोह कमी पडलं तर जास्त गळतात).

सगळा घोळ इथेच आहे. अर्धी वाटी जागा आणि ६० ग्रॅम प्रोटीन. आणि आपलं मराठी जेवण बघा, पोळी, भात, त्यावर वरण, बाजूला भाजी, कोशिंबीर, लोणचं. ह्यात मेन काय तर पोळी आणि भात, बाकी सगळं लावून खायला. सर्जरीनंतर हे सगळं उलटं करायला लागतं आणि तेच कुणाला पटत नाही. घरी नाही, बाहेर तर नाहीच.

ह्या ताईंच्या आधी मी एका ॲपवरून डाएट टिफिन लावला होता. बॅरिॲट्रिक फ्रेंडली, म्हणजे अशा वजनाच्या सर्जरीवाल्यांना चालेल असा, असं लिहिलं होतं म्हणून लावला. आलं काय तर त्यांच्याच नेहमीच्या डब्याचं अर्धं. अर्धा ब्राऊन राइस, अर्धं सॅलड, ग्रिल केलेल्या चिकनच्या चार कोरड्या पट्ट्या. कच्ची पानं चावून चावून जबडा दुखतो आणि तेवढ्यातच पोट भरतं, आणि ते कोरडं चिकन मायक्रोवेव्ह केल्यावर अजून कोरडं होतं, पहिल्या दोन घासांतच छातीच्या मधोमध अडकून बसतं. ज्यांना झालंय त्यांना कळेल, तोंडात फेसाळ लाळ यायला लागते, ना खाली जातं ना वर येतं, उठून वॉशरूमला पळायला लागतं. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणे मॅडम तुमचा पोर्शन अजून कमी करून देऊ का. त्यांना कळतच नव्हतं मी काय सांगतेय ते. मी कमी द्या असं म्हणतच नव्हते.

हिशोब करून बघा ना. आपल्याकडच्या साध्या डब्यात चार पोळ्या, भाजी, एक वाटी वरण आणि भात असतो. सगळा मिळून प्रोटीन फार तर २०-२५ ग्रॅम, ते पण पूर्ण डबा संपवला तर. मी त्यातला चौथा हिस्सा पण संपवू शकत नाही, म्हणजे माझ्या पोटात ५-६ ग्रॅम. वर पोळीचा तुकडा आधी खाल्ला तर वरणापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे डबेवाल्यांनी अर्ध्या पैशात अर्धा डबा दिला की आपल्याला वाटतं सोय झाली, पण त्यात आपलं नुकसानच आहे.

आता ताईंकडे येते. त्या गेली बरीच वर्षं ऑफिसवाल्यांचे साधे डबे करतात. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरी त्यांचा डबा येतो म्हणून मी भेटायला गेले, डाएटिशियनने दिलेला कागद सोबत नेला होता. त्यांनी तो वाचला आणि वाचून झाल्यावर विचारलं, "अगं ह्यात लिहिलंय आधी प्रोटीन खा, मग भाजी, मग जागा उरली तर भात. पण तू आधी काय खाल्लंस हे मला इथे बसून कसं कळणार?" मी म्हटलं ते माझं मी बघेन. तर म्हणाल्या "नाही, तू ऑफिसात कामात असशील, डबा उघडून दिसेल ते खाशील. मी नंबर घालून देते." आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून तीन छोट्या स्टीलच्या डब्या यायला लागल्या, आपण चटणी द्यायला वापरतो तेवढ्या, झाकणावर चिकटपट्टी आणि त्यावर १, २, ३. एक नंबरात प्रोटीन, दोन नंबरात भाजी, तीन नंबरात दोन-तीन घास भात नाहीतर भाकरी कुस्करून. एकचं झाकण उघडायचं, ते संपलं तर दोन, तेही संपलं तरच तीन. पहिले दोन-तीन महिने माझी तीन नंबरची डबी तशीच परत जायची.

आणि ह्याबद्दल त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण सगळे पानात टाकायचं नाही ह्या शिस्तीत वाढलोय. लहानपणी ताट पुसून स्वच्छ केल्याशिवाय उठू दिलं नाही. आता डॉक्टर सांगतात की पोटाने थांब म्हटलं की घास तोंडाजवळ आणलेला असला तरी खाली ठेवा, आणि हात खाली जात नाही हो, खरंच जात नाही. ताईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, डबा रिकामा यायला पाहिजे असं काही नाही, उरलं तर उरलं, फक्त किती उरलं ते मला कळू दे म्हणजे दुसऱ्या दिवशी तेवढंच भरेन. त्या परत आलेल्या डब्या उघडून बघतात आणि पुढच्या दिवशी माप बदलतात. कुठल्या ॲपने केलंय का हे कधी?

माप काय असतं ते लिहिते कारण सगळे तेच विचारतात. मी डबा लावला तेव्हा सर्जरीला दोन महिने होत आले होते. त्याआधी डब्याचा प्रश्नच नाही, पहिले एक-दोन दिवस फक्त पाण्यासारखं पातळ, मग साधारण दोन आठवडे लिक्विड म्हणजे दूध, पातळ ताक, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर, मग दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. प्रत्येक हॉस्पिटलचा तक्ता थोडा वेगळा असतो, तुमच्या डॉक्टरांनी दिलाय तोच पाळा. डबा सुरू झाला तेव्हा एक नंबरची डबी साधारण चार-पाच टेबलस्पून, दोन नंबरची दोन टेबलस्पून, बास. चौथ्या-पाचव्या महिन्यात एक नंबर अर्धी वाटी झाली. आता वर्ष होत आलंय तर तिन्ही मिळून एक वाटीच्या थोडं वर जातं. बऱ्याच जणांचं वर्षाच्या आसपास एक-दीड वाटीवर येऊन थांबतं असं डाएटिशियन म्हणाली, आणि ते तसंच राहायला हवं.

मेन्यू. इथे ताईंना खरंच मानलं. क्विनोआ नाही, ॲव्होकाडो नाही, सगळं आपलंच, पण निवड विचार करून केलेली. सगळ्यात आवडती म्हणजे डाळिंबीची उसळ. वाल भिजवून मोड आणून एकेक सोलायचे हे किती किचकट काम आहे ते करणाऱ्यालाच माहीत, पण सालं काढलेली असल्यामुळे डाळिंबी इतकी मऊ शिजते की जिभेने दाबली तरी विरघळते, आणि एका छोट्या वाटीत ७-८ ग्रॅम प्रोटीन सहज मिळतं. मटकीची उसळ मात्र सुरुवातीला मला जड गेली, सालांमुळे गॅस व्हायचा, तर त्यांनी ती बंद करून मसूर डाळ घट्ट करून द्यायला सुरुवात केली. अंड्याची भुर्जी त्या दूध घालून मंद आचेवर करतात, ओलसर, गोळे न होऊ देता, दोन अंड्यांची म्हणजे १२ ग्रॅम झालं. पनीर किसून टोमॅटोच्या रसात, ६० ग्रॅम पनीर म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास. सोयाचा खिमा त्या आधी गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळतात, मग मिक्सरला एकच फेरा देतात. कोरडे २० ग्रॅम घेतले की १० ग्रॅम प्रोटीन, शाकाहारी लोकांनी हे नक्की करून घ्या. पिठलं पण येतं पण ते घट्ट आणि वर दही देतात, कारण पिठल्यात बेसन असतं किती, २५ ग्रॅम बेसनात ५-६ ग्रॅम, तेवढ्यावर भागत नाही.

बुधवारी आणि शुक्रवारी मासे नाहीतर चिकन. ताजे बोंबील सार करून देतात, काटा काढून, ते तर चावायलाच लागत नाहीत. सुरमई, पापलेट कालवणात. चिकनचा खिमाच, तुकडे कधीच नाहीत. आणि बघा, कुठलीही गोष्ट कोरडी येत नाही. हे मी सांगितलंही नव्हतं, त्यांनीच विचारलं ऑफिसात गरम कशात करतेस, मायक्रोवेव्ह म्हटल्यावर म्हणाल्या मग रस्सा जास्तच ठेवायला पाहिजे, तिथे सगळं सुकतं. ॲपवाल्यांनी लोक जेवण गरम कशात करतात हा विचार कधी केला नसेल.

पोळी मात्र नाही. मला तिसऱ्या महिन्यात पोळी खायची इतकी इच्छा झाली होती की मी हट्टाने मागितली, त्यांनी पोळी न देता वरणफळं दिली, छोटी छोटी, घट्ट तुरीच्या वरणात शिजवलेली. नुसती पोळी आणि ब्रेड चावताना लगदा होऊन अडकतात, तेच पीठ वरणात शिजलं की जातं. भाकरी दुधात किंवा ताकात भिजवून. भात आसट. मेतकूट भात आजारपणात चालतो म्हणून आमच्या आईंनी (सासूबाई) सुरुवातीला रोज करून दिला, प्रेमानेच, पण त्यात मेतकूट चमचाभर आणि बाकी भातच, आणि तेवढ्या भातात माझं जेवण संपायचं. ताईंनी काय केलं तर त्याच गुरगुट्या भातात मुगाची डाळ दुप्पट घालून वरून मेतकूट आणि तूप अर्धा चमचा. चव तीच. आईंनी पण चाखून बघितला आणि आता त्या घरी तसाच करतात.

डब्यासोबत ताक येतं पण वेगळ्या बाटलीत आणि बाटलीवर "अकरा वाजता" असं लिहिलेलं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास नाही, हा नियम त्यांनी कागदावर वाचला होता आणि म्हणून ताक, सोलकढी, सूप काहीच जेवणाच्या डब्यांबरोबर ठेवत नाहीत. ह्याचं कारण असं की सोबत प्यायलं की छोट्या पोटात जागाच उरत नाही, आणि नंतरच्या महिन्यांत पातळाबरोबर घास पटकन खाली सरकतो, पोट भरल्याचं कळत नाही आणि माणूस जास्त खातो. दिवसभरात मात्र दीड-दोन लिटर घोट घोट जायलाच हवं. उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये ताक आंबून यायचं, ही तक्रार होती, सांगितल्यावर बर्फाची छोटी पिशवी बरोबर द्यायला लागल्या.

चार वाजताची डबी वेगळी. सुरुवातीला दह्याचा चक्का, जिरेपूड मीठ घालून. नंतर फुटाणे, उकडलेलं अंडं, मुगाच्या डाळीचं धिरडं छोट्या चकतीएवढं. माझा दिवसाचा हिशोब असा बसतो: सकाळी दुधात व्हे (प्रोटीन पावडर) २५ च्या आसपास, अकराला ताक, त्याचं फारसं धरत नाही, दुपारी १२ ते १५, चारला ६-७, रात्री घरी पुन्हा पनीर किंवा मासे किंवा घट्ट डाळ १२-१५. झाले साठ. सर्जरीआधी मी कधी प्रोटीन मोजलं नव्हतं, आपल्याकडे मोजतच नाही कोणी, वरण खाल्लं म्हणजे झालं असंच समजतो.

जेवायला वेळ लागतो हे पण डबा लावताना धरून चाला. चावून चावून, छोट्या चमच्याने, दोन घासांमध्ये थांबून, २० ते ३० मिनिटं. माझी लंच टाइम अर्ध्या तासाचीच आहे. सुरुवातीला बरोबरच्या मैत्रिणी "एवढंसंच?" म्हणायच्या आणि आपला डबा पुढे करायच्या, आता कुणी करत नाही. पोट भरल्याची खूण प्रत्येकाची वेगळी असते, माझं नाक गळायला लागतं, एका ओळखीच्या काकांना उचकी लागते, कुणाला लागोपाठ शिंका येतात. ती खूण आली की त्यापुढचा एक चमचासुद्धा त्रास देतो. ही खूण ओळखायला शिका, भूक लागण्या-न लागण्यावर विसंबू नका, ती सुरुवातीला नसतेच आणि सहा-आठ महिन्यांनी हळूहळू परत येते तेव्हा सवयी लागलेल्या नसतील तर कठीण जातं.

आता तक्रारी. पहिली उपासाची. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, ताईंचं किचन उपासाचं. पहिल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी आली. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, प्रोटीन जवळजवळ नाहीच, वर चिकट. मी उपास करत नाही आता, डॉक्टरांनीच पहिलं वर्ष नको सांगितलंय, पण आईंसाठी घरात सगळं उपासाचंच असतं. फोन केला तर ताई म्हणाल्या "अगं हो की, माझ्या लक्षात नाही आलं", आणि पुढच्या वेळेपासून दाण्याची आमटी, त्यात पनीर किसून, आणि दह्यात राजगिऱ्याचं पीठ शिजवून देतात. दाण्याची आमटी तेलकट असते त्यामुळे थोडीच.

दुसरी तक्रार गोडाची, आणि ह्यावर मी त्यांच्याशी वादही घातलाय. सणाला त्या सगळ्यांना गोड पाठवतात, गणपतीत उकडीचा मोदक, संक्रांतीला गुळाची पोळी. माया आहे, कळतं मला. पण जास्त साखर एकदम पुढे आतड्यात गेली की १०-३० मिनिटांत छाती धडधडते, घाम येतो, पोटात कळ येते, जुलाब होतात, ह्याला डम्पिंग म्हणतात. बायपासवाल्यांना हे जास्त होतं पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. आणि काहींना एक ते तीन तासांनी साखर एकदम उतरून थरथर सुटते. त्या म्हणाल्या एका मोदकाने काय होतंय. मी म्हटलं ताई, तुमच्याकडे बायपास झालेले एक काका पण आहेत ना, त्यांना ट्रेनमध्ये झालं तर? तेव्हापासून आमच्या दोघांच्या डब्यात गोड येत नाही. ह्या बाबतीत तुमच्या डबेवालीला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, आपल्या लोकांना गोड नको म्हणणं म्हणजे अपमान वाटतो.

तिसरी, पाच-सहा महिन्यांनंतर माझं खाणं वाढलेलं बघून त्या खूश झाल्या आणि एक नंबरची डबी दाबून भरायला लागल्या. "आता जातंय ना तुला, मग खा की." पोटाची नळी हळूहळू थोडी सैलावते, ते ठरलेलंच आहे, पण जातंय म्हणून भरत गेलं तर वजन परत चढतं, असे लोक मी बघितलेत. मी घरचा वजनकाटा नेऊन त्यांच्या ओट्यावर ठेवला, ८० ग्रॅमच्या वर एक नंबर भरायचा नाही असं ठरलं. काटा किचनमध्ये वापरायचा साधा, डिजिटल, पाचशे रुपयांच्या आत मिळतो. डबेवालीला भेट म्हणून द्या हवं तर, पैसे वसूल होतात.

आणि पैशांचं. साधा डबा त्यांच्याकडे ११० ला आहे, माझा १८०. अर्धं पण खात नाहीस आणि जास्त पैसे देतेस, हे नवरा पण म्हणाला आधी. मी त्याला एक दिवस ती डबी उघडून दाखवली. सोललेले वाल, काटा काढलेला मासा, दोनदा पिळलेलं सोया. माल आणि मेहनत दोन्ही जास्त आहे, फक्त डबी छोटी आहे. भाव करायचा असेल तर साध्या डब्यावर करा, ह्यावर करू नका, नाहीतर पहिलं पनीर कमी होईल आणि त्या जागी भात येईल.

डब्याने काय होत नाही ते पण लिहिते. गोळ्या आपल्या आपणच घ्यायच्या आहेत, बी १२, डी, लोह, कॅल्शियम, आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवायचं, आणि जेवणानंतर लगेच चहा नको कारण त्याने लोह कमी शोषलं जातं. मी कॅल्शियमची एक गोळी चारच्या डबीबरोबर घेते म्हणजे विसरत नाही. दुसरं म्हणजे संध्याकाळचं चरणं. चिवडा, फरसाण, बिस्किटं, चकली, हे सगळं तोंडात चुरा होऊन पोटातून सरळ खाली जातं, भरल्याची खूण येतच नाही, अख्खा वाडगा संपतो. जे डाळिंबीच्या चार चमच्यांत थांबतात ते चिवड्याला थांबत नाहीत. दिवाळीत आमच्या घरी फराळाचे डबे आता वरच्या कपाटात असतात, नवऱ्यानेच ठेवले. आणि सतत उलट्या होत असतील, दोन-तीन दिवस काहीच टिकत नसेल तर डबा बदलून बघू वगैरे करत बसू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा, उलट्यांमुळे शरीरातलं बी १ संपतं आणि त्याचा नसांवर, मेंदूवर परिणाम होतो.

कुणी लावावा असा डबा? ज्यांचं मऊ जेवण सुरू झालंय, जे नोकरीला जातात आणि ज्यांच्या घरी सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होतो त्यांनी नक्की. घरात कुणी वेगळं करून देणारं असेल तर गरज नाही, ही पद्धत घरीच वापरा, नंबराच्या तीन डब्या आणि एक काटा. अगदी सुरुवातीच्या लिक्विडच्या आठवड्यांत कुठलाच डबा नको. बायपास झालेल्यांनी तेल आणि गूळ-साखर ह्याबद्दल जास्तच कडक राहा, भाजीत चिमूटभर गूळ घालायची आपली सवय असते, ती पण सांगून बंद करायला लावा.

नवीन कुठल्या डबेवालीला समजावताना मी त्यांना चारच गोष्टी विचारते: प्रोटीन आधी आणि वेगळं देणार का, रस्सा ठेवणार का, उरलेलं बघून माप बदलणार का, आणि गोड पाठवणार नाही ना. चारीला हो म्हणाल्या तर पैसे जास्त मागितले तरी द्या.

रविवारचं मी असं करते की शनिवारी दुप्पट डाळिंबी मागवते, ताई ५० रुपये जास्त घेतात, आणि काचेच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद गॅसवर झाकण ठेवून गरम केली तर तशीच मऊ राहते. मायक्रोवेव्हमध्ये केली तर वरची कडक होते.